विश्लेषण : पाय ॲक्सिलरेटरवर, पण इंजिनाला आदेश कोणाचा? मोटारीतील ‘इलेक्ट्रॉनिक पेडल’ कसे काम करते?

नव्या मोटारींत ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांना जोडणारी तार उरलेली नाही. पेडलमधील दोन सेन्सर चालकाची मागणी संगणकाला कळवतात आणि इंजिनाला किती हवा द्यायची, हे संगणक ठरवतो. ही यंत्रणा बिघडली तर गाडी सुसाट सुटते की मंदावते? आणि पेडल खरोखरच अडकले तर चालकाने काय करायचे?

घाट चढताना गाडी अचानक ‘रेस’ घेईनाशी होते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडी रांगतच राहते आणि मागची वाहने हॉर्न वाजवू लागतात. गॅरेजमध्ये मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर ‘पी-२१३८’ असा कोड दिसतो आणि ‘पेडलचा सेन्सर गेला’ असे निदान होते.

अनेक वाहनमालकांना इथेच पहिल्यांदा कळते, की पायाखालचे पेडल म्हणजे नुसता दांडा नाही. मग प्रश्न पडतो, की एक सेन्सर बिघडला म्हणून अख्खी गाडी रांगायला का लागावी? याचे उत्तर थोडे उलटे आहे. गाडीचे रांगणे हा बिघाड नसून बिघाडावर गाडीने स्वतःच केलेला उपाय आहे. तो तसा का, हे समजण्यासाठी पेडलपासून इंजिनापर्यंतचा प्रवास पाहावा लागतो.

पूर्वी काय होते?

मारुती ८०० सारख्या जुन्या मोटारींत ॲक्सिलरेटरला पोलादी तार जोडलेली असे. पेडल दाबले की तार ओढली जाई आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेली थ्रॉटलची गोल झडप उघडत असे. झडप जितकी उघडी, तितकी जास्त हवा इंजिनात जाणार. त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिसळले जाई आणि इंजिनाची ताकद वाढे. पाय काढला की स्प्रिंग झडप बंद करत असे.

ही रचना समजायला आणि दुरुस्त करायला सोपी होती. पण ती निर्धोक होती असे नाही. तार तुटली तर झडप बंद होऊन गाडी थांबत असे. मात्र तार गंजून आवरणात अडकली, तर पाय काढूनही झडप उघडीच राहण्याचा धोका होता. जुन्या स्कूटर-मोटारसायकलींच्या मालकांना ‘वायर अडकणे’ हा प्रकार नवा नाही.

मग तार का काढली?

तारेची मुख्य अडचण म्हणजे ती फक्त पायाचे ऐकते. आधुनिक इंजिनाला मात्र एकाच वेळी अनेकांचे ऐकावे लागते.

पावसात चाक घसरू लागले, तर चालकाचा पाय पेडलवर असतानाही इंजिनाची ताकद कमी करावी लागते. क्रूझ कंट्रोलमध्ये पाय पेडलवर नसताना ताकद द्यावी लागते. एसी सुरू झाला की इंजिनावर भार पडतो, तेव्हा ते बंद पडू नये म्हणून थोडी जादा हवा लागते. एएमटी गाडीत गिअर बदलताना ताकद क्षणभर कमी करून पुन्हा वाढवावी लागते. शिवाय धूर आणि इंधन यांचे गणित सांभाळायचे, तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण क्षणोक्षणी जुळवावे लागते.

ही सगळी कामे तार करू शकत नाही. म्हणून झडपेवर एक छोटी विद्युत मोटर बसवली गेली आणि तिचे नियंत्रण संगणकाकडे गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या १२ सिलिंडरच्या ‘७ सिरीज’ मोटारीत हे तंत्र वापरले. तेव्हा ते महागड्या गाड्यांपुरते होते. आज भारतात विकल्या जाणाऱ्या लहान हॅचबॅकमध्येही ते दिसते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर तर हवा-इंधनाचे काटेकोर नियंत्रण अपरिहार्यच झाले.

पेडलच्या आत नेमके काय असते?

पेडलच्या वरच्या टोकाला, जिथे ते आसाभोवती फिरते, तिथे प्लास्टिकची एक बंद डबी असते. पेडल किती अंशांनी फिरले हे मोजणारे सेन्सर या डबीत असतात. बहुतेक गाड्यांत डबीच्या कनेक्टरला सहा वायर असतात. म्हणजे दोन सेन्सर आणि प्रत्येकासाठी तीन वायर. एका वायरमधून पाच व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी अर्थिंगची आणि तिसऱ्या वायरवरून मोजलेला संदेश संगणकाकडे जातो.

हे सेन्सर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला पोटेन्शिओमीटर. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असे, तेच हे तंत्र. कार्बनच्या पट्टीवरून धातूचा छोटा हात सरकतो आणि त्याच्या जागेनुसार व्होल्टेज बदलते. रेडिओचे बटण जुने झाले की फिरवताना खरखर येई, कारण पट्टी झिजलेली असे. पेडलच्या सेन्सरचेही तसेच होते. पाय सर्वाधिक वेळ जिथे असतो, तिथली पट्टी आधी झिजते आणि त्या जागी गाडी झटके देऊ लागते.

दुसरा प्रकार स्पर्शाविना चालणारा. त्यात पेडलबरोबर एक चुंबक फिरतो आणि त्याच्या क्षेत्रातील बदल ‘हॉल सेन्सर’ नावाची चिप ओळखते. काही कंपन्या चुंबकाऐवजी तारेच्या वेटोळ्यांवर चालणारे सेन्सर वापरतात. दोन्हींत काहीच घासत नसल्याने झीज होत नाही. नव्या गाड्यांत म्हणूनच हे प्रकार अधिक आढळतात.

एकाच पेडलसाठी दोन सेन्सर कशासाठी?

संपूर्ण यंत्रणेचा गाभा हाच आहे. एकाच सेन्सरवर विसंबले आणि त्याने चुकून ‘पेडल पूर्ण दाबले आहे’ असे सांगितले, तर संगणकाकडे ते खोटे ठरवण्याचा मार्ग नाही. म्हणून साक्षीदार दोन ठेवले जातात आणि दोघांची साक्ष मुद्दाम वेगळी ठेवली जाते.

उदाहरणाने पाहू. समजा पेडल मोकळे असताना पहिला सेन्सर ०.८ व्होल्ट आणि दुसरा त्याच्या निम्मे, म्हणजे ०.४ व्होल्ट दाखवतो. पेडल अर्धे दाबले की आकडे २.४ आणि १.२ होतात. पूर्ण दाबले की ४.० आणि २.०. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे. काही गाड्यांत दोन संदेशांमध्ये निम्म्याऐवजी ठरावीक अंतर असते, तर काहींत एक चढताना दुसरा उतरतो. तत्त्व मात्र एकच, की दोघांचे नाते आधीच ठरलेले असते.

आता दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्या, तर दोन्हींवर सारखेच व्होल्टेज येईल. ठरलेले नाते मोडले, हे संगणकाला लगेच कळेल. दोन्ही सेन्सर सारखेच आकडे देत असते, तर हा बिघाड लपून राहिला असता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुरवठा शून्य ते पाच व्होल्टचा असूनही सेन्सर कधी शून्य किंवा पाच दाखवत नाही. वायर तुटली की संदेश सहसा शून्याकडे जातो, पुरवठ्याच्या वायरला चिकटली की पाचकडे. त्यामुळे टोकाचा आकडा आला की तो पायाचा नसून बिघाडाचा, हे संगणक ओळखतो.

सुरुवातीला उल्लेख केलेला ‘पी-२१३८’ हा कोड नेमके हेच सांगतो, की पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. झडपेजवळच्या सेन्सरांबाबत हीच तक्रार असेल, तर कोड ‘पी-२१३५’ असतो.

संगणक पुढे काय करतो?

इंजिनाचा संगणक, म्हणजेच ईसीयू, दर काही मिलिसेकंदांनी पेडलचे संदेश वाचतो. पण पेडल ३० टक्के दाबले म्हणून झडप ३० टक्के उघडायची, असा सरळ हिशेब तो करत नाही. पेडलचा अर्थ तो ‘चालकाला इतकी ताकद हवी आहे’ असा लावतो. मग एसीचा भार, गिअरबॉक्सची गरज, चाकांची पकड, इंजिनाचे तापमान हे सगळे पाहून झडप किती उघडायची ते ठरवतो.

गाडीतील ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ या मोडमध्ये बदलतो तो प्रामुख्याने हाच हिशेब. ‘स्पोर्ट’मध्ये थोड्या दाबाला मोठी मागणी मानले जाते, ‘इको’मध्ये तोच दाब सौम्यपणे घेतला जातो.

संगणकावरही आंधळा विश्वास ठेवला जात नाही. जर्मन कंपन्यांनी मिळून विकसित केलेल्या ‘ई-गॅस’ या पद्धतीत देखरेखीचे तीन स्तर असतात. पहिला स्तर प्रत्यक्ष काम करतो. दुसरा त्याच माहितीवरून स्वतंत्र हिशेब मांडून ‘मागितली त्याहून जास्त ताकद तर दिली जात नाही ना’ हे तपासतो. तिसऱ्या स्तरात वेगळी चिप मुख्य प्रोसेसरला सतत प्रश्न विचारते. उत्तर चुकले किंवा वेळेत आले नाही, तर ती मोटरची ताकदच काढून घेते.

झडपेपाशी काय घडते?

इंजिनाच्या हवेच्या मार्गावर ‘थ्रॉटल बॉडी’ असते. तिच्यात गोल झडप, ती फिरवणारी छोटी मोटर, दातेरी चाके आणि स्प्रिंग असतात. संगणकाचा आदेश आला की मोटर स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. बंद ते पूर्ण उघडी या प्रवासाला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो.

झडप सांगितली तितकीच उघडली का, हे पाहायला इथेही दोन सेन्सर असतात. आदेश आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक राहिला, तर संगणक मोटरला पुन्हा दुरुस्तीचा आदेश देतो. फरक मिटतच नसेल, तर बिघाड मानतो.

मोटरचा वीजपुरवठा थांबला, की स्प्रिंग झडपेला ठरलेल्या जागी नेऊन ठेवते. ही जागा पूर्ण बंद नसते, किंचित उघडी असते. इंजिन सुरू राहावे आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेता यावी, इतकी हवा त्यातून जाते.

बिघाड झाल्यावर गाडी रांगते ती का?

दोन साक्षीदारांचे जुळले नाही, तर खरे कोण बोलते हे संगणकाला नेहमीच कळेल असे नाही. अशा वेळी दोन पर्याय उरतात, जास्त ताकदीची मागणी खरी मानायची किंवा कमी ताकदीची. पहिला पर्याय चुकला तर जीव जाऊ शकतो. दुसरा चुकला तर उशीर होतो. यंत्रणेची रचनाच दुसरा पर्याय निवडण्यासाठी केलेली असते.

पेडलचा एक सेन्सर गेला तर बहुतेक गाड्या दुसऱ्याच्या आधारे, पण मर्यादित ताकदीने चालतात. दोन्ही गेले तर इंजिन फक्त संथ गतीवर, म्हणजे आयडलवर राहते. झडपेच्या बाजूला बिघाड असेल तर मोटर बंद करून झडप स्प्रिंगवर सोडली जाते. या अवस्थेला ‘लिम्प मोड’ म्हणतात. लंगडत का होईना, घर किंवा गॅरेज गाठण्यापुरती ही सोय.

घाटात, ट्रकच्या पुढे गाडी अशी मंदावणेही धोक्याचेच आहे. त्यामुळे लिम्प मोड आला की चारही इंडिकेटर लावून डावी बाजू गाठणे आणि सुरक्षित जागी थांबणे महत्त्वाचे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला, तरी सेन्सर बरा झाला असे समजू नये.

मग गाडी आपोआप सुसाट सुटूच शकत नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक गाजला तो अमेरिकेत, टोयोटाच्या मोटारींमुळे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सान डिएगोजवळ एक लेक्सस मोटार भरधाव सुटली आणि चौघांचा मृत्यू झाला. चालक स्वतः महामार्ग पोलीस दलात अधिकारी होता. तपासात आढळले, की गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकले होते. ब्रेक अतिशय तापल्याच्या खुणाही मिळाल्या. इंजिन बंद करायला स्टार्टचे बटण तीन सेकंद दाबून धरावे लागत होते.

त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये आणखी सुमारे २३ लाख गाड्या बोलावल्या गेल्या. या वेळचे कारण होते, पेडल दाबलेल्या अवस्थेत चिकटणे. त्यामागची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तार गेल्यावर पेडल अगदीच हलके लागते आणि पाय एका जागी स्थिर ठेवणे अवघड जाते. म्हणून पेडलमध्ये मुद्दाम घर्षण निर्माण करणारा एक छोटा भाग बसवलेला असतो. जुन्या तारेसारखा ‘फील’ देणारा हाच भाग झिजून आणि दमट हवेने चिकटू लागला होता. सेन्सर योग्यच मोजत होता. पेडल खरोखरच दाबलेले होते, फक्त त्यावर पाय नव्हता.

फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हजर राहून माफी मागावी लागली.

‘नासा’ला काय आढळले?

दोष इलेक्ट्रॉनिक्सचा असल्याचा संशय कायम राहिल्याने अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने थेट ‘नासा’च्या अभियंत्यांची मदत घेतली. त्यांनी सॉफ्टवेअरच्या २ लाख ८० हजारांहून अधिक ओळी तपासल्या. ८ फेब्रुवारी २०११ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. गाडी धोकादायकरीत्या सुसाट सुटण्याला इलेक्ट्रॉनिक बिघाड कारणीभूत असल्याचा पुरावा सापडला नाही. मॅटमध्ये अडकणे आणि पेडल चिकटणे ही दोन यांत्रिक कारणे ग्राह्य धरली गेली. अनेक अपघातांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबल्याचे वाहन सुरक्षा यंत्रणेचे मत होते.

याच तपासात एक वेगळी नोंदही झाली. झटके देणाऱ्या एका गाडीच्या पोटेन्शिओमीटर प्रकारच्या पेडलमध्ये कथिलाचा केसासारखा तंतू वाढून दोन सेन्सरांच्या जोडण्यांमध्ये शॉर्ट झाला होता. म्हणजे वेगळे असायला हवेत ते दोन साक्षीदार आतून एकमेकांशी जोडले गेले होते. सेन्सर दोन असणे पुरेसे नाही, ते एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र हवेत, हा धडा त्यातून मिळाला.

वाद तिथेच संपला का?

नाही. सप्टेंबर २००७ मध्ये ओक्लाहोमात २००५ सालच्या कॅमरी मोटारीला अपघात होऊन एका महिलेचा मृत्यू झाला होता आणि चालक महिला गंभीर जखमी झाली होती. या खटल्यात सॉफ्टवेअरतज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्ष दिली. झडप नियंत्रित करणारे काम प्रोसेसरमध्ये एखाद्या चुकीने थांबू शकते आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेला ते कळेलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. टोयोटाने ते अमान्य केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युरीने कंपनीविरुद्ध निकाल देऊन एकूण ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. दंडात्मक भरपाई ठरण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकी न्याय विभागाला १.२ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. हे प्रकरण मात्र इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हते. मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याचे होते.

त्यानंतर काय बदलले?

सर्वात उपयोगी बदल म्हणजे ‘ब्रेक ओव्हरराइड’. गाडी वेगात असताना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेले आढळले, तर संगणक ब्रेकचे ऐकतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. ही सोय सॉफ्टवेअरमध्येच असते. आता अनेक कंपन्या ती देतात. आपल्या गाडीत ती आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहता येते.

२०११ मध्ये ‘आयएसओ २६२६२’ हे वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. एखादा भाग बिघडला तर काय होईल, किती धोका आहे आणि तो कसा रोखला, याचा हिशेब कंपनीने रचनेच्या टप्प्यावरच मांडावा, असे ते सांगते.

चुकून भलतेच पेडल दाबणे मात्र कोणत्याही सेन्सरला ‘चूक’ म्हणून दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ती चालकाची खरी मागणीच असते. त्यासाठी समोरचा अडथळा ओळखून ताकद रोखणारी वेगळी यंत्रणा लागते. वृद्ध चालकांची संख्या मोठी असलेल्या जपानमध्ये अशा यंत्रणांवर विशेष भर दिला जात आहे.

डिझेल, इलेक्ट्रिक आणि दुचाकींचे काय?

आधुनिक डिझेल गाडीतही पेडलमध्ये असेच दोन सेन्सर असतात. फरक इतकाच, की तिथे पेडलची मागणी प्रामुख्याने हवेऐवजी इंधनाचे प्रमाण ठरवते. इलेक्ट्रिक मोटारीत तर झडपच नाही. पेडलचा संदेश मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरकडे जातो. पाय उचलला की हीच मोटर जनित्र बनून गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी थोडी भरते. इलेक्ट्रिक गाडीत पूर्ण ताकद क्षणात मिळत असल्याने पेडलच्या संदेशाची खात्री तिथे आणखी महत्त्वाची ठरते.

दुचाकींत या तंत्राला ‘राइड-बाय-वायर’ म्हणतात. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ते २०१७ पासून आहे. टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० मध्ये ते २०२० साली आले. तिथे पेडलऐवजी उजव्या मुठीचे फिरणे मोजले जाते.

‘पिकअप वाढवणारी’ यंत्रे खरी की खोटी?

पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर उशिरा प्रतिसाद देते, अशी तक्रार अनेक जण करतात. झटके बसू नयेत आणि धूर मर्यादेत राहावा, म्हणून संगणक मागणी जरा गुळगुळीत करून घेतो. त्यावर उपाय म्हणून ऑनलाइन बाजारात ‘थ्रॉटल कंट्रोलर’ किंवा ‘पेडल बूस्टर’ मिळतात.

ही डबी पेडल आणि वायरिंगच्या मधे बसते आणि सेन्सरचे आकडे फुगवून पुढे पाठवते. पाय ३० टक्के असला तरी संगणकाला ५० टक्के कळवले जाते. त्यामुळे गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात इंजिनाची कमाल ताकद तसूभरही वाढत नाही. पेडल थोडे अधिक दाबले, तर तोच परिणाम फुकटात मिळतो. तोटा मात्र खरा आहे. दोन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष आता एकाच मध्यस्थाकडून येते आणि तो बिघडला तर दोन्ही साक्षी एकदम बिघडतात.

पेडल अडकलेच तर काय करावे?

घाबरलेल्या अवस्थेत आठवाव्यात अशा मोजक्याच गोष्टी आहेत.

पहिली, ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबून धरा. ब्रेक इंजिनापेक्षा बलवान असतो. साध्या मोटारीला शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पोहोचायला १० ते १२ सेकंद लागतात, पण कोरड्या रस्त्यावर तोच वेग ब्रेक तीन-चार सेकंदांत संपवतो. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून मारू नका. पेट्रोल गाडीत झडप पूर्ण उघडी असताना ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी नव्याने तयार होत नाही. दर वेळी पाय उचलला की साठलेले साहाय्य संपते आणि ब्रेक कडक होतो.

दुसरी, गाडी न्यूट्रलमध्ये टाका. गिअरची गाडी असेल तर क्लच दाबा आणि न्यूट्रल करा, ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’. इंजिन मोठ्याने ओरडेल, पण चाकांना ताकद मिळणार नाही.

तिसरी, गाडी कडेला थांबली की मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत इंजिन बंद करणे हा शेवटचा उपाय, कारण स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकचे साहाय्य कमी होते. किल्ली मात्र कधीही बाहेर काढू नका, स्टीअरिंग लॉक होऊ शकते. बटणाची गाडी असेल तर चालताना इंजिन कसे बंद करायचे, हे पुस्तिकेत आजच वाचून ठेवा. अनेक गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते.

आणि चालत्या गाडीत खाली वाकून मॅट किंवा पेडल ओढण्याचा प्रयत्न करू नका.

रोजच्या वापरात काय सांभाळावे?

चालकाच्या पायाशी जाड, सुटी किंवा एकावर एक दोन मॅट ठेवू नयेत. गाडीसोबत येणारी मॅट अडकवायला हुक असतात, ते वापरावेत. पाण्याची बाटली, छत्री, चप्पल पायाशी ठेवू नये. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली, तर कोणताही संगणक मदतीला येत नाही.

पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले असेल, तर पेडलचा कनेक्टर तपासून घ्यावा. जीपीएस, स्पीड गव्हर्नर किंवा अन्य उपकरणासाठी पेडलच्या वायर कापून जोड देण्याचे काम रस्त्यावर करून घेऊ नये. सैल जोड हेही ‘पी-२१३८’चे एक कारण असू शकते. म्हणूनच महागडे पेडल बदलण्याआधी कनेक्टर, वायर आणि दोन्ही सेन्सरांचे आकडे स्कॅनरवर दाखवायला मेकॅनिकला सांगावे. पेडल सावकाश दाबत नेले, की दोन्ही आकडे न अडखळता, ठरलेल्या नात्यात बदलायला हवेत.

थ्रॉटल बॉडी साफ करून घेतल्यावर अनेक गाड्यांत झडपेची मूळ जागा संगणकाला नव्याने ‘शिकवावी’ लागते. तसे न केल्यास आयडल वर-खाली होते. इग्निशन सुरू असताना झडप बोटाने ढकलू नये, आतील दातेरी चाके खराब होण्याची शक्यता असते.

तार होती तेव्हा चालकाचा पाय थेट झडपेशी जोडलेला होता. आता पाय फक्त मागणी करतो आणि ती मागणी दोन सेन्सर, संगणक आणि त्याच्यावर नजर ठेवणारी चिप यांच्या तपासणीतून पुढे जाते. या साखळीत शंका आली की ती गाडीला कमी ताकदीकडे नेते. पेडलवर मॅट अडकली असेल, तर मात्र साखळीला काहीच वावगे दिसत नाही. अशा वेळी ब्रेक आणि न्यूट्रल हे दोनच उपाय चालकाच्या हातात उरतात.